पाणी घोट्यापर्यंत

चुलतभावावर सूड कसा उगवायचा याच्या ढीगभर कल्पना माझ्या डोक्यात होत्या आणि एक सोडली तर सगळ्या बावळट होत्या. त्याच्या बुटात डिंक ओतायचा. केस उभे करायच्या त्याच्या जेलच्या डबीत भांडी घासायचा साबण भरायचा. भर वर्गात एक थोबाडीत द्यायची. ही शेवटची मला फार आवडायची. झोप येईपर्यंत मी ती मनातल्या मनात वेगवेगळ्या बाजूंनी बघायचे. एकदा समोरून, एकदा छतावरून, एकदा अगदी हळू, गाल थरथरताना दिसेल इतकी हळू. पण तशी दिली असती तर शाळेनं मलाच घरी बसवलं असतं, आणि तो गाल चोळत आणखी एक भाषण ठोकून मोकळा झाला असता.

भाषण हाच त्याचा उद्योग. शाळेत त्याला सगळे माईक म्हणतात, कारण माईक दिसला की ह्याचा हात आपोआप पुढे जातो. माझ्याच वर्गात, पण वयानं वर्षभर मोठा, म्हणून मला माईकदादा. ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. काकूचा तो एकुलता एक. तो नुसता शिंकला तरी बातमी जिना उतरून आमच्याकडे येते.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं भांडण त्या पाण्यावरून आहे.

आमच्या शाळेत सिनेमातल्या व्हिज्युअल इफेक्ट्सचा वर्ग सुरू झाला. जे नाही ते आहे असं दाखवायचं, आणि जे आहे ते पुसून टाकायचं. मोडक्या बाकांची अडगळ होती ती खोली झाडून काढली, एका भिंतीवर हिरवंगार कापड ताणलं, जुने कॉम्प्युटर मांडले आणि शिकवायला एक बाई आल्या. त्या कापडामुळे त्यांचं नाव हिरव्या मॅडम पडलं. त्यांनी बरीच वर्षं एका स्टुडिओत काम केलेलं. मोठमोठ्या नटांच्या केसांच्या कडा फ्रेमफ्रेमला कोरून काढायचं काम. शेवटी पाठीनं राम म्हटला म्हणून त्या शिकवायला लागल्या.

पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, “विज्ञानाच्या तासाला परावर्तन कोण नीट ऐकतं?”

कोणीच हात वर केला नाही.

“मग आता ऐका. इथे तेच विकून पोट भरतं.”

मी तेव्हा तोंड न उघडणारी मुलगी होते. हजेरीला “हजर” म्हणाले तरी आवाज दप्तरात बसून बोलल्यासारखा यायचा. पण त्या खोलीत बोलावं लागत नव्हतं, बघावं लागत होतं, आणि बघण्यात मी कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हते. खिडकीतला उजेड टेबलावर कसा पडतो, पडून पुन्हा वर भिंतीवर कसा उडतो, हे मी लहानपणापासून तोंड उघडं टाकून बघत आलेय. आई म्हणायची, “अगं, मिट ते तोंड.” तर त्या उघड्या तोंडाचा एकदाचा उपयोग झाला.

मी केलेला शॉट असा होता. भरलेला वर्ग. मुलं खाली मान घालून लिहितायत. दाराखालून पाणी आत येतं. घोट्यापर्यंत चढतं, पोटरीपर्यंत चढतं, गुडघ्यापर्यंत येतं. एक बूट तरंगत बाकांमधून निघून जातो. आणि कोणीही मान वर करत नाही, सगळे लिहीतच राहतात. बस्स, एवढंच.

वर्ग खरा होता, पाणी खोटं. पाणी आईच्या कपडे भिजवायच्या टबात शाई कालवून मी वेगळं शूट केलं. खिडक्यांचा उजेड पाण्यात दिसायला हवा म्हणून काकूच्या कपाटावरचा आरसा मागून आणला आणि टबाशेजारी तिरका धरला. मग वर्गातला बाकांचा एकेक पाय आणि मुलांचा एकेक पाय कडेकडेनं कोरला, म्हणजे पाणी त्यांच्या मागून गेल्यासारखं दिसेल. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा शॉटभर पाय हलवत बसला होता. त्याला मी या जन्मात माफ करणार नाही. माईकदादानं त्या शॉटमध्ये काय केलं? “ॲक्शन” असं ओरडला. छान ओरडला, नाही म्हणत नाही.

हिरव्या मॅडमनी शॉट पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, “आता घरी जा आणि जेव.” ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी.

मॅडमच्या त्याच जुन्या स्टुडिओनं सुट्टीसाठी आमच्या शाळेतून एक विद्यार्थी घ्यायचं ठरवलं. एकच. सुट्टीभर त्यांच्यात बसून काम शिकायचं, आणि जमलं तर पुढे शाळा संपल्यावर दार उघडं. पुढचं वर्ष माझं बोर्डाचं. तेव्हा कोणी मला घराबाहेरही पडू देणार नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते ह्याच सुट्टीत. शॉटबरोबर एक छोटा व्हिडिओ पाठवायचा होता, कॅमेऱ्यात बघून स्वतः सांगायचं की हे मी कसं केलं. माझी तर ऐकूनच जीभ टाळूला चिकटली.

माईकदादा गोड आवाजात म्हणाला, “तू नको टेन्शन घेऊस गं. मी बोलतो तुझ्या वतीनं. तुझं नाव घेतो.”

आणि घेतलंन खरं. सगळ्या शाळेसमोर तो व्हिडिओ दाखवला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पडद्यावर माईकदादा केस उभे करून सांगत होता, “हे पाणी तयार करताना मला पुष्कळ रात्री जागाव्या लागल्या. माझ्या चुलतबहिणीचेही आभार. तिनं टब धरला.”

टब धरला!

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची मैत्रीण मला कोपरानं ढोसत म्हणाली, “ए, तुझंही नाव घेतलं की!” मला आठवतं, माझे कान इतके तापले होते की त्यांच्यावर कोणी चहा ठेवला असता तर उकळला असता. आणि त्या क्षणी माझ्या दप्तरातला तो आवाज बाहेर आला. कायमचा.

मी आईला सांगितलं. आई इस्त्री करत होती. ती इस्त्री उभी ठेवून म्हणाली, “वर जाऊन भांडू? काकू म्हणेल, लेकीला जमलं नाही म्हणून जळतायत. घरातलंच आहे गं, सोड.”

“आई, घरातलं आहे म्हणूनच सोडणार नाही.”

तिनं माझ्याकडे जरा दचकून पाहिलं. असा आवाज तिनं आमच्या घरात ऐकलाच नव्हता.

मग मी हिरव्या मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, “मला ठाऊक आहे ते कोणाचं आहे. तक्रार करायची तर मी तुझ्याबरोबर येते. तो म्हणेल माझं, तू म्हणशील माझं, स्टुडिओवाले म्हणतील पोरांची भांडणं, आणि दुसऱ्या शाळेकडे जातील.”

“मग त्याला सोडून द्यायचं?”

“मी असं म्हटलं?” त्यांनी चष्मा चढवला. “आमच्या धंद्यात शॉट दाखवून संपत नाही. शॉट दाखवला की शेरे येतात. हे कमी कर, ते हलव, इथे अंधार कर. ज्यानं केलाय तो बसून करतो. ज्यानं नाही केला...” त्यांनी हात झटकले. “स्टुडिओचा सुपरवायझर शेरे दिल्याशिवाय कुणालाही घेत नाही. समोर खुर्चीत बसवतो.”

मी त्यांच्या खोलीतून बाहेर पडले ती जवळजवळ नाचतच. डिंक गेला खड्ड्यात, साबण गेला खड्ड्यात. ही ती एक शहाणी कल्पना. माईकदादाला खाली ओढायचं नाही. त्याला वर चढवायचं, आणखी वर, अगदी त्या खुर्चीपर्यंत, आणि मग हात सोडून द्यायचा.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याचं कौतुक सुरू केलं.

“दादानं एकट्यानं केलंय सगळं,” मी जिन्यात काकूला सांगितलं. “मी नुसती टबापाशी उभी होते. काय हात चालतो गं त्याचा!”

काकू इतकी विरघळली की तिनं मला चक्क कवटाळलं. “बघ, मनाची किती मोठी आहेस तू.”

शाळेत कोणी विचारलं की मी छाती काढून म्हणायचे, “माझा भाऊ आहे तो!” माईकदादाला आधी संशय आला. मला पाण्याच्या टाकीजवळ गाठून म्हणाला, “तू रागावली नाहीस ना?”

“छे रे. तू बोलला नसतास तर शॉट पेटीत पडून राहिला असता.”

“तेच ना! बोलणंही एक कलाच आहे,” तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच पटलं होतं. त्यानं सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की मला पोटात गुदगुल्या झाल्या.

स्टुडिओकडून बोलावणं आलं. पालकांसह या, जागा बघा, कागदावर सही करा. काकू-काका निघाले, आणि काकूनं मोठ्या मनानं आईला आणि मलाही चला म्हटलं. “बघू दे तिलाही, तिचाही हात लागलाय थोडा.” माझ्या खिशात शॉटची मूळ फाईल होती, एका पेनड्राईव्हवर. ती घेतल्याशिवाय मी त्या घरातून पाऊल उचललं नसतं.

स्टुडिओ बाहेरून एखाद्या गोदामासारखा दिसत होता. आत शिरल्यावर माझं वैर मी क्षणभर विसरलेच. राखाडी भिंती, पडदे ओढलेल्या खिडक्या, आणि त्या अंधारात ओळीनं मोठे पडदे उजळलेले. एका मुलीच्या पडद्यावर नुसता एक घोड्याचा कान होता. ती त्याची लव कोरत होती. शेजारचा माणूस एका रस्त्यावरून विजेच्या तारा पुसत होता, एक तार, मग दुसरी तार. सगळ्यांच्या टेबलांवर गार झालेले कप. कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, देवा, इथे सगळी माझ्यासारखीच माणसं आहेत, उघड्या तोंडाची.

आणि ही खुर्ची तो घेऊन जाणार? वैर परत आलं, चांगलं ताजंतवानं होऊन.

सुपरवायझर जाडसर, झोप झाली नसल्यासारख्या डोळ्यांचा माणूस होता. त्यानं आमचा शॉट भिंतीएवढ्या पडद्यावर लावला. माझं पाणी! दाराखालून आलं, चढलं, बूट तरंगत गेला. काकूनं डोळे पुसले. काकांनी घसा खाकरला. सुपरवायझरनं एक कागद काकांपुढे सरकवला, आणि काकांनी खिशातून पेन काढलं.

 शेरे? शेरे कुठायत?

“हं,” सुपरवायझर पडद्याकडे बघत म्हणाला. “पाणी गुडघ्यापर्यंत जास्त वाटतंय. घोट्यापर्यंतच थांबवलं तर भीती वाढेल. करून दाखवतोस?”

माईकदादा हसला. “नक्की सर. फाईल घरी आहे पण. पुढच्या वेळी—”

“घरी? बरं. मग राहू दे आज,” सुपरवायझर म्हणाला, आणि काकांनी पेनाचं टोपण काढलं.

मी खुर्चीतून उठले. उठले कसली, उडालेच.

“दादा, मी आणलीये ना!” मी पेनड्राईव्ह वर धरला. “तू विसरशील म्हणून मुद्दाम बरोबर घेतली.”

माईकदादानं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे. त्याला सगळं, अगदी सगळं, त्या एका क्षणात कळलं. टाकीजवळचं, जिन्यातलं, काकूच्या मिठीतलं.

“किती काळजी करते बघा भावाची,” काकू म्हणाली.

तो खुर्चीत बसला. फाईल उघडली. आता एक सांगायला हवं. असा शॉट म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. एका काचेवर वर्ग, एकीवर पाणी, एकीवर उजेड, एकीवर कोरलेले पाय. ह्या काचांना लेयर म्हणतात आणि ज्याची त्यानं त्यांना नावं द्यायची असतात. मी दिलेली नावं पडद्यावर उभी राहिली: डबकं. डबकं खरं. डबकं आता तरी शेवटचं. पाय हलवणारा गाढव. काकूचा आरसा. फेस नको गं बाई.

माईकदादानं “डबकं” दाबलं. काहीच झालं नाही, कारण ते कधीच बंद केलेलं डबकं होतं. मग त्यानं आणखी एक दाबलं आणि बाकांचे सगळे पाय पाण्यात विरघळले. मुलं पाण्यावर तरंगणाऱ्या फळ्यांवर बसून लिहायला लागली.

“अगंबाई,” काकू म्हणाली, “बाकांचे पाय कुठे गेले?”

“कॉम्प्युटर वेगळाय इथला,” माईकदादा म्हणाला. त्याच्या कपाळावर आता खरं पाणी आलं होतं. मान न वळवता ओठांतल्या ओठांत तो पुटपुटला, “ए, सांग ना गं. कुठलं ते.”

मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. “मला काय ठाऊक, दादा? मी तर टब धरला होता.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बहुतेक ती घोड्याच्या कानाची मुलगी. सुपरवायझर हसला नाही. तो पडद्यावरची नावं वाचत होता.

“हे ‘काकूचा आरसा’ काय आहे?”

 माईकदादानं तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याला कधी शब्दांची वाण पडली नाही तो तसाच बसला.

“माझा आरसा?” काकू पुढे झुकली. “कपाटावरचा? अहो, तो तर ही घेऊन गेली होती. कितीतरी दिवस! परत आणला तेव्हा शाईचे डाग पडलेले. मी हिला किती बोलले! म्हणाली, काकू, पाण्यात खिडकीचा उजेड...”

 वाक्य अर्ध्यावर लोंबत राहिलं. तिनं आपल्या मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मुलाकडे. काकांनी पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा ‘टक’ असा आवाज झाला. इतका गोड आवाज मी अजून ऐकला नाही.

खरं सांगते, मला तिची थोडी दया आली. त्याची नाही आली. अजिबात, किंचितही नाही.

“ऊठ,” सुपरवायझर त्याला म्हणाला, आणि मला, “बस.”

मी बसले.  सूड घेण्याचा मी एवढा सराव केला होता, पण त्याच्यानंतर काम करून दाखवायचं आहे याचा विचारच केला नव्हता! मी पाणी खाली घेतलं आणि ते वर्गातून नाहीसंच झालं. कोरडी फरशी.  आता मीही तशीच बसणार, त्याच्यासारखी, तोंड उघडून? मग आठवलं; खाली घेतलं ते पाणी, पण उजेड वरच राहिला होता. आरशाची काच पाण्याच्या काचेला बांधली, दोन्ही मिळून खाली आणल्या. पाणी परत आलं. घोट्यापर्यंत. मुलं लिहितायत, बुटांच्या नाड्या भिजतायत आणि कोणालाच पत्ता नाही. माझ्याच अंगावर काटा आला.

बरोबर होता तो माणूस. घोट्यापर्यंतच जास्त भीती वाटते.

“हं,” सुपरवायझर म्हणाला. “दारापाशी गढूळ कर.”

केलं.

“तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या पायाची कड सुटलीये.”

“तो गाढव आहे, सर.”

“दिसतंय. नीट कर.”

केलं.

“तो बूट काढून टाक. लक्ष त्याच्याकडे जातं.”

बूट! तो बूट माझा लाडका होता. शॉटमधलं सर्वांत सुंदर काही असेल तर तो. मी सुपरवायझरकडे वळून बघितलं, मग पडद्याकडे बघितलं. पाणी बिचारं शांत उभं होतं आणि सगळ्यांची नजर बुटाच्या मागेमागे फिरत होती. मी बूट पुसला.

 सुपरवायझरनं काकांपुढचा कागद उचलला आणि आईपुढे ठेवला. आईनं आधी मागेपुढे पाहिलं, मग पेनासाठी काकांपुढे हात केला. काकांनी दिलं. आईची सही एरवी मुंगीएवढी असते. त्या दिवशी तिनं अर्धा कागद भरून टाकला.

माईकदादा भिंतीला टेकून उभा होता. जेलनं उभे केलेले केस कपाळावर आले होते. सुपरवायझरला बहुधा कणव आली. तो म्हणाला, “तू बाहेर जाऊन बसलास तरी चालेल.”

“नको, सर,” मी म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट, खोलीभर ऐकू जाईल असं. “बसू दे त्याला. शॉट त्याचा आहे ना? त्यालाही कळू दे कसा केला ते.”

सुपरवायझरनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग पायानं एक रिकामी खुर्ची माझ्या शेजारी सरकवली. माईकदादा त्या खुर्चीवर बसला. जाणार कुठे?

“पुढचा शेरा,” सुपरवायझर म्हणाला. “पाणी आणखी हळू चढू दे.”

ते मला एका बटणात करता आलं असतं. पण मी फ्रेमफ्रेमला केलं, हातानं, अगदी सावकाश. आणि प्रत्येक फ्रेमला वळून विचारलं, “कळलं ना, दादा?”